टॉर्च साँग म्हणजे काय रे भाऊ? जुन्या ब्रॉडवेच्या एकाकी गाण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॉर्च साँग म्हणजे काय? बॅटरीशी काही संबंध आहे का?

नाही हो. इथे टॉर्च म्हणजे मशाल. अमेरिकन बोलीत कुणासाठी मशाल धरून बसणं म्हणजे तो माणूस सोडून गेला, किंवा कधी आपला झालाच नाही, तरी आपण आपले मनातली आग विझू न देता बसून राहणं. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या नाइट क्लबांत आणि ब्रॉडवेच्या, म्हणजे तिथल्या नाटकवस्तीतल्या, थिएटरांत हा शब्द रुळला आणि असली गाणी गाणाऱ्या बाईला टॉर्च सिंगर म्हणायला लागले. मराठीत विरहगीत म्हटलं की जवळपास पोचतो आपण, पण अगदी तिथेच नाही, कारण आपल्या विरहिणीला भेटीची आशा असते, पलीकडे कावळा कोकला तरी तिला शकुन वाटतो. इथे कावळा वगैरे कुणी येत नाही. माणूस गेला तो गेला, आणि हिला ते चांगलं माहितीये.

मग प्रत्येक रडकं गाणं टॉर्च साँगच का?

अजिबात नाही, आणि इथेच जास्त घोळ होतो. माझी साधी कसोटी अशी आहे की गाणाऱ्या व्यक्तीला स्वतःचा मूर्खपणा दिसत असला पाहिजे आणि तरी तिला त्यातून उठता येत नसलं पाहिजे. नुसतं कुणीतरी मिळावं म्हणून झुरणं वेगळं. गर्श्विन भावांचं (जॉर्ज संगीतकार, आयरा गीतकार) 'समवन टू वॉच ओव्हर मी' बघा, १९२६च्या 'ओ, के!' या नाटकातलं, गर्ट्रूड लॉरेन्सने ते स्टेजवर एका चिंध्यांच्या बाहुलीला मांडीवर घेऊन गायलं (ती बाहुली जॉर्ज गर्श्विनने फिलाडेल्फियात विकत घेतली होती), फार सुंदर आहे, पण तिथे अजून कुणी गेलेलंच नाहीये, सोडून जायला आधी कुणी यायला तर हवं. गंमत म्हणजे ती चाल आधी जलद होती, नाचाच्या गाण्यासाठी, कधीतरी जॉर्जनेच ती संथ वाजवली आणि दोघा भावांच्या लक्षात आलं की अरे हे तर वेगळंच गाणं आहे.

आणि दुसरी गोष्ट, जी मी या पानभर परत परत सांगणार आहे, त्यामुळे आत्ताच माफी मागतो. ही गाणी आपण ऐकतो ती रेकॉर्डवर, कुठल्यातरी जॅझ गायिकेच्या आवाजात, पाऊस पडत असताना वगैरे. पण ती लिहिली गेली नाटकासाठी, एका विशिष्ट बाईसाठी, विशिष्ट प्रवेशात, समोर कोणीतरी उभं असताना. तो प्रवेश माहीत झाला की ओळखीच्या गाण्याचा अर्थच फिरतो.

पहिलं टॉर्च साँग कुठलं?

असं पहिलं वगैरे ठरवता येत नाही, पण मोजायला सुरुवात बहुतेक जण 'माय मॅन'पासून करतात. मूळ गाणं फ्रेंच, 'मों ऑम', १९२०चं, मॉरिस इव्हाँची चाल, पॅरिसमध्ये मिस्टिंगेत गायची. फ्लोरेन्झ झिगफेल्ड या ब्रॉडवेच्या निर्मात्याने ते अमेरिकेत आणलं, चॅनिंग पोलॉकने इंग्रजी शब्द लिहिले आणि १९२१च्या 'झिगफेल्ड फॉलीज'मध्ये ते दिलं फॅनी ब्राइसला. आता फॅनी ब्राइस कोण, तर विनोदी नटी. डोळे फिरवणारी, यिडिश हेल काढून हसवणारी. तिला उभं करून सांगितलं की हातवारे नाहीत, तोंड वेडंवाकडं करायचं नाही, सरळ उभी राहून गा. आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की हिचा नवरा निकी अर्नस्टीन हा जुगारी माणूस बाँडच्या चोरीच्या प्रकरणात अडकलाय, कारण ते सगळं रोज पेपरात येत होतं. म्हणजे तिथे वेगळ्या कथानकाची गरजच नव्हती, प्रेक्षक कथानक घरूनच घेऊन आले होते.

'फनी गर्ल'मध्ये हेच गाणं आहे ना?

सिनेमात आहे, नाटकात नाही. फॅनी ब्राइसच्याच आयुष्यावरच्या १९६४च्या ब्रॉडवे 'फनी गर्ल'मध्ये, बार्ब्रा स्ट्रायसँड होती ते, जूल स्टाइन आणि बॉब मेरिल यांनी त्या जागी स्वतःचं 'द म्युझिक दॅट मेक्स मी डान्स' दिलं होतं. १९६८च्या सिनेमात शेवटी खरं 'माय मॅन' आलं. दोन्ही ऐका. मला स्वतःला स्टाइनचं गाणं जास्त आवडतं, पण हे बोललो की लोक अंगावर येतात.

'शो बोट'चं एवढं कौतुक का?

कारण तिथे पहिल्यांदा टॉर्च साँग नाटकाचं काम करायला लागलं. २७ डिसेंबर १९२७, झिगफेल्ड थिएटर, जेरोम कर्नचं संगीत, ऑस्कर हॅमरस्टाइनचे संवाद आणि गाणी, एडना फर्बरच्या कादंबरीवरून. मिसिसिपी नदीवर फिरणारी नाटकाची बोट, आणि त्यावरची मुख्य नटी ज्युली, ही भूमिका हेलन मॉर्गनने केली.

पहिल्या अंकात ज्युली 'कान्ट हेल्प लव्हिन डॅट मॅन' गाते, बोटीच्या मालकाच्या मुलीला, मॅग्नोलियाला, शिकवत. वरवर पाहिलं तर हलकंफुलकं आहे, मासा पोहणारच, पक्षी उडणारच, तसं मी त्याच्यावर प्रेम करणारच, मग तो कसाही असो. पण स्वयंपाकीण क्वीनी, जी काळी आहे, ती मध्येच विचारते की हे गाणं तुला कसं काय येतं, हे तर फक्त आमच्या लोकांत गातात. ज्युली क्षणभर गप्प होते. थोड्याच वेळाने कळतं की ज्युली मिश्र रक्ताची आहे, गोरी म्हणून जगतेय, नवरा गोरा आहे, आणि त्या राज्यात असं लग्न गुन्हा आहे. म्हणजे प्रेमगीतानेच तिचं गुपित फोडलं! मग तिला बोट सोडावी लागते.

दुसऱ्या अंकात वर्षं गेलीत, ज्युली शिकागोच्या एका नाइट क्लबात गाते, दारूच्या पुरती आहारी गेलेली, नवरा सोडून गेलेला. तालमीत ती 'बिल' गाते. हे गाणं सतत प्रेमाचं गोड गाणं म्हणून लोक लग्नाबिग्नात गातात (मी एका रिसेप्शनला ऐकलंय, हसावं की रडावं कळेना). शब्द तसेच आहेत म्हणा, मी स्वप्नातल्या राजकुमाराची वाट बघत होते आणि आला तो बिल, ना रूप ना उंची, रस्त्यात दिसला तर वळून बघणार नाही असा, पण का कुणास ठाऊक, मला तोच हवा. आता हे शब्द ज्या बाईच्या तोंडी आहेत तिला तोच सोडून गेलाय, समोर तालमीला आलेले कंटाळलेले लोक, झाडूवाले, आणि ती पियानोवर. गोड गाण्याचं एका मिनिटात काय होतं ते बघा.

आणि मग त्याच क्लबात काम मागायला मॅग्नोलिया येते, तिचाही नवरा पळालेला, आणि ती ऑडिशनला गाते ते ज्युलीने शिकवलेलंच गाणं. ज्युली आतून ऐकते, ओळखते, आणि काही न बोलता नोकरी सोडून निघून जाते म्हणजे ती जागा मॅग्नोलियाला मिळेल. मॅग्नोलियाला हे कधीच कळत नाही. प्रेक्षकांना कळतं. मला तर वाटतं अख्ख्या म्युझिकल थिएटरमध्ये यापेक्षा भारी जागा फार नाहीत, आणि ती पुढे एकही सूर न गाता घडते.

'बिल' वुडहाऊसने लिहिलं हे खरं का? तोच वुडहाऊस?

हो हो, तोच, जीव्हजवाला. पी. जी. वुडहाऊस तरुणपणी ब्रॉडवेवर कर्नबरोबर म्युझिकल्स करायचा, आणि 'बिल' हे त्याने १९१८च्या 'ओ, लेडी! लेडी!!' साठी लिहिलं होतं, तिथून ते कापलं गेलं. नऊ वर्षं पडून होतं. मग हॅमरस्टाइनने थोडे शब्द बदलून ते ज्युलीला दिलं. म्हणजे मूळ गंमतीचं गाणं, दुःखी बाईच्या तोंडी टाकलं आणि ते टॉर्च साँग झालं. माझं म्हणणं परत सिद्ध होतंय बघा.

टॉर्च सिंगर पियानोवर चढून का बसतात?

हेलन मॉर्गनमुळे. क्लबात गर्दी एवढी असायची की ती दिसावी म्हणून पियानोवर बसायची असं सांगतात, मग तीच तिची ओळख झाली, 'शो बोट'मध्येही ती पियानोवर बसूनच 'बिल' गायली. हातात रुमाल, वरून एकच दिव्याचा झोत, बाकी अंधार. आज कार्टूनमध्येसुद्धा कुणी पियानोवर पसरून गायला लागलं तर ते मूळ तिचं. तिचा आवाज मोठा नव्हता, बारीक, जरासा कापरा, उंच. लोकांना वाटतं की टॉर्च सिंगर म्हणजे खर्जातला धुरकट आवाज, तो नंतरचा प्रकार. दारूने तिचं फार नुकसान केलं, १९४१ मध्ये ती गेली तेव्हा जेमतेम ४१ वर्षांची होती.

या गायिकांची आयुष्यंही तशीच होती का, की ती सगळी पब्लिसिटी?

दोन्ही. रूथ एटिंगने १९३० मध्ये 'सिंपल सायमन'मध्ये संगीतकार रॉजर्स आणि गीतकार हार्ट यांचं 'टेन सेंट्स अ डान्स' गायलं, दहा सेंटला एक नाच विकणाऱ्या मुलीचं गाणं, पाय सुजलेत, गिऱ्हाइकं पायावर पाय देतायत, आणि कुणीतरी येऊन सोडवेल अशी अंधुक आशा. तिचा नवरा मार्टिन स्नायडर हा शिकागोचा गुंड होता, त्याने पुढे तिच्या प्रियकरावर गोळी झाडली (तो वाचला), आणि १९५५ मध्ये यावर डॉरिस डे आणि जेम्स कॅग्नी यांचा सिनेमाच आला. लिबी होल्मन, 'मोनिन लो' आणि 'बॉडी अँड सोल'वाली, तिचा कोट्यधीश नवरा १९३२ मध्ये गोळी लागून मेला, खुनाचा आरोप तिच्यावर आला, मग खटला मागे घेतला गेला.

हे सगळं खरं आहे, आणि तिकीटविक्रीला त्याचा फायदा झाला हेही खरं. पण या बायकांचं गाणं म्हणजे त्यांचं रडणं असं समजणं मला पटत नाही. आठवड्याला आठ प्रयोग करायचे तर रोज खरं रडून चालत नाही, ती कसबाची गोष्ट आहे. 'बॉडी अँड सोल' गाऊन बघा एकदा, मधल्या कडव्यात अख्खी पट्टी अर्ध्या स्वराने वर सरकते आणि परत खाली उतरायचं असतं, तिथे भावना कामाला येत नाही, रियाज लागतो.

ही सगळी गाणी पुरुषांनीच लिहिलीत का? बायकांच्या तोंडी पुरुषांची कल्पना?

बहुतेक हो, आणि ते खटकायला पाहिजे. पण एक छान अपवाद आहे, १९२९च्या 'द लिट्ल शो'मधलं 'कान्ट वी बी फ्रेंड्स', त्याची चाल के स्विफ्टची. शब्द तिच्या नवऱ्याचे, जो पेशाने बँकर होता आणि त्याने टोपणनावाने लिहिले. विषय काय, तर मला वाटलं यंदा खरं प्रेम मिळालं आणि साहेब म्हणाले की आपण मित्रच राहू या. तेव्हाही हेच चालायचं म्हणजे!

आणि पुरुषांत लॉरेन्झ हार्ट. रिचर्ड रॉजर्सचा गीतकार. पाच फुटांपेक्षा कमी उंची, दारूचं व्यसन, समलिंगी आणि त्या काळात ते लपवून जगणारा, आयुष्यभर आईबरोबर राहिलेला. १९३५ ते १९४२ या काळातली त्याची गाणी एका ओळीत ऐकली तर कळतं की हा बायकांच्या नावावर स्वतःचं लिहितोय: 'लिट्ल गर्ल ब्लू', 'ग्लॅड टू बी अनहॅपी', 'स्प्रिंग इज हिअर', 'इट नेव्हर एंटर्ड माय माइंड', 'नोबडीज हार्ट'. यातलं 'इट नेव्हर एंटर्ड माय माइंड' हे माझं सगळ्यात लाडकं, कारण त्यात रडारड नाही, फक्त तक्रारी आहेत आणि त्याही स्वतःवर, तू मला सांगितलं होतंस की एक दिवस मी एकटीच पत्ते खेळत बसेन, एकटीसाठी संत्र्याचा रस मागवेन, तेव्हा मला ते कधी सुचलंच नाही. एकटेपणा म्हणजे एका माणसापुरता नाश्ता मागवणं हे ज्याने लिहिलं त्याला एकटेपणा वाचून माहीत नव्हता.

१९४३ मध्ये रॉजर्स आणि हार्टचं जुनं 'अ कनेटिकट यँकी' परत रंगमंचावर आलं, १७ नोव्हेंबरला पहिला प्रयोग, हार्ट थिएटरात दारू पिऊन आला, त्याला बाहेर काढावं लागलं, थंडीत भटकला, न्यूमोनिया झाला आणि २२ तारखेला गेला. वय ४८.

'माय फनी व्हॅलेंटाइन' पुरुषाचं गाणं आहे ना?

जॅझ गायक चेट बेकरमुळे तसं वाटतं. मूळ १९३७च्या 'बेब्ज इन आर्म्स'मध्ये एक मुलगी मुलाला म्हणते, आणि त्या मुलाचं नावच व्हॅलेंटाइन आहे! चिडून, लाडाने, तू दिसायला काही खास नाहीस पण बदलू नकोस. पुढे.

'सपर टाइम' टॉर्च साँगमध्ये धरायचं का?

मी धरतो. काही जाणकार नाही धरत, कारण त्यात प्रियकर सोडून गेलेला नाही. १९३३, 'ॲज थाउजंड्स चिअर', गाणी अर्व्हिंग बर्लिनची. ही हलकीफुलकी रिव्ह्यू होती, म्हणजे सलग कथा नाही, सुटे सुटे प्रवेश, आणि कल्पना अशी की प्रत्येक प्रवेश म्हणजे पेपरातली एक बातमी, हवामान, नटनट्यांच्या भानगडी, असं. त्यात मध्येच एक मथळा येतो की जमावाने एका अनोळखी निग्रोला लिंच करून मारलं. आणि एथेल वॉटर्स स्टेजवर एकटी. रात्रीच्या जेवणाची वेळ झालीये, ताटं मांडायला हवीत, पण तिला उमजत नाही की मुलांना कसं सांगू, बाप आता कधीच घरी येणार नाही. बस एवढंच. खून, जमाव, झाड, यातला एकही शब्द गाण्यात नाही.

बर्लिनने वॉटर्सला हार्लेमच्या कॉटन क्लबात 'स्टॉर्मी वेदर' गाताना ऐकलं होतं, हॅरल्ड आर्लन आणि टेड कोलरचं, त्याच वर्षीचं. तेव्हा कॉटन क्लबात स्टेजवर काळे कलाकार आणि टेबलांवर गोरे गिऱ्हाईक असा मामला. तिथून तो तिला ब्रॉडवेवर घेऊन आला, आणि तिच्याच तोंडी त्याच शोमध्ये 'हीट वेव्ह'सारखं ठसकेबाज गाणंही होतं. त्या दोन गाण्यांमध्ये तिने कपडे आणि चेहरा किती वेळात बदलला असेल याचा मी बरेचदा विचार करतो.

तर टॉर्च साँग का, तर ती वाट बघणारी बाई तीच आहे. फक्त इथे माणूस गेला कारण त्याला मारलं. हे ऐकल्यावर बाकीच्या गाण्यांतले पळपुटे नवरे जरा फालतू वाटायला लागतात.

तो मारतो, फसवतो, तरी मी त्याचीच, असली गाणी आज का ऐकायची?

रास्त प्रश्न. 'माय मॅन'मध्ये मारहाणीचा उल्लेख सरळ आहे, फ्रेंचमध्येही आणि इंग्रजीतही. १९६०च्या लंडनच्या 'ऑलिव्हर!' मध्ये नॅन्सी आपल्या गुंड प्रियकरासाठी, बिल साइक्ससाठी, 'ॲज लाँग ॲज ही नीड्स मी' गाते आणि शेवटी तोच तिला ठार मारतो. आपल्याला हे काही नवीन नाही, 'एकच प्याला' १९१९चं, 'माय मॅन'च्या अमेरिकन आवृत्तीच्या दोन वर्षं आधीचं, आणि सिंधूचं 'कशि या त्यजू पदाला' घ्या, दारुड्या नवऱ्याचे पाय कसे सोडू म्हणते. बालगंधर्वांच्या सुरांत आपण ते डोळे मिटून ऐकतो आणि अर्थाकडे दुर्लक्ष करतो.

मला वाटतं फरक नाटक काय करतं यात आहे. 'ऑलिव्हर!'मध्ये गाणं संपल्यावर नाटक नॅन्सीला बरोबर ठरवत नाही, तिचा जीव जातो आणि आपण हादरतो. पण तेच गाणं एखाद्या गायिकेने चकचकीत गाउन घालून टीव्हीवर म्हटलं की ती सहनशीलतेची जाहिरात होते. म्हणून मी म्हणतो प्रवेश बघा. आणि तरी नको वाटलं तर नका ऐकू, काही बिघडत नाही.

पुरुषांची टॉर्च साँग्ज नाहीतच का?

आहेत, कमी आहेत, आणि पुरुषांना बहुधा ते कबूल करायला अख्खं नाटक लागतं. 'साउथ पॅसिफिक' (१९४९) मधलं 'धिस निअर्ली वॉज माइन' हे यातलं सगळ्यात भरदार, एमिल हा बेटावरचा फ्रेंच मळेवाला, नेली या अमेरिकन नर्सने त्याला नाकारलंय कारण त्याच्या मुलांची आई पॉलिनेशियन होती, आणि तो गातो ते वॉल्ट्झमध्ये. म्हणजे नाचायची लय, आणि जोडीदार नाही. ही भूमिका करणारा एट्झिओ पिन्झा ऑपेराचा बास, म्हणजे खर्जातला, गायक, आवाज असा की मागच्या रांगेतला माणूसही गप्प.

'ओक्लाहोमा!' (१९४३) मधल्या जडचं 'लोन्ली रूम' मात्र लोक विसरतात, कारण १९५५च्या सिनेमात ते घेतलंच नाही. जड हा खलनायक, मळकट, मांस धुरवायच्या खोलीत एकटा राहतो, भिंतीवर बायकांची चित्रं. हॅमरस्टाइनने त्याला स्वतःचं गाणं दिलं आणि एकदम तो माणूस होतो, भीतिदायक माणूस, पण माणूस. एकटेपणाने प्रत्येक जण गोड होत नाही हे सांगणारं गाणं ब्रॉडवेवर दुर्मिळ.

आणि 'माय फेअर लेडी'तला हिगिन्स. रेक्स हॅरिसन अर्धं बोलतो अर्धं गातो, एलायझाच्या चेहऱ्याची सवय झालीये एवढंच कबूल करतो, प्रेम हा शब्द काढत नाही. हे नाटक शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून, आणि त्यावरूनच पुलंची 'ती फुलराणी', त्यामुळे हा माणूस आपल्या ओळखीचा.

विनोदी टॉर्च साँग असतं का?

असतं की! 'गाइज अँड डॉल्स' (१९५०), ॲडलेड, नाइट क्लबातली नाचणारी, १४ वर्षं साखरपुडा झालेला आणि नेथन डेट्रॉइट लग्नाचं नाव काढत नाही. तिला सर्दी काही सोडत नाही. ती डॉक्टरी पुस्तक वाचते आणि त्यात लिहिलंय की लग्न लांबलेल्या बाईला मानसिक ताणाने सर्दी होऊ शकते. मग अख्खं गाणं शिंका आणि जड जड वैद्यकीय शब्द. फ्रँक लेसरने टॉर्च साँगची टिंगल केली खरी पण व्हिव्हियन ब्लेनने असं गायलं की हसता हसता पोटात कुठेतरी तुटतं.

रॉजर्स आणि हार्टचं 'बिविच्ड', १९४०च्या 'पाल जोई'मधलं, हेही मूळ बऱ्यापैकी चावट आहे. श्रीमंत, लग्न झालेली, चाळिशीकडची बाई, तिने एक तरुण लबाड नाचणारा ठेवून घेतलाय आणि तिला चांगलं कळतं की हा पैशासाठी आलाय. रेडिओसाठी शब्द धुऊन पुसून घेतले आणि मग ते भोळ्या मुलीचं गाणं झालं. चालीकडे लक्ष द्या, ती शेजारशेजारच्या दोन सुरांवर परत परत येते, पुढे जाते, परत तिथेच. डोक्यात एकच माणूस बसला की डोकं असंच चालतं.

रेकॉर्डवर गाणं अर्धंच वाटतं, सुरुवात कुठे गेली?

बरोबर पकडलंत. या गाण्यांत मुखड्याआधी एक बोलल्यासारखा भाग असतो, तो बोलण्यातून गाण्यात आणतो. मग मुख्य गाणं ३२ मात्रांच्या साच्यातलं, म्हणजे खरं तर ३२ बारचं (बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन), एक ओळ दोनदा, मग मधलं वेगळं कडवं, मग परत ती ओळ. जॅझवाले तो सुरुवातीचा भाग उडवतात. आणि पात्र नेमकं त्या भागातच असतं! 'बट नॉट फॉर मी' (१९३०, 'गर्ल क्रेझी', जिंजर रॉजर्सने गायलं) ऐका, सुरुवातीला ती स्वप्नं खरी होतात असं सांगणाऱ्या आशावादी लोकांवरच वैतागलेली आहे. तो राग काढला की उरतं ते नुसतं हळहळणं.

नाटकातून कापलेली गाणी एवढी प्रसिद्ध कशी?

'द मॅन आय लव्ह'चं उदाहरण भारी आहे. गर्श्विन भावांनी ते १९२४ मध्ये 'लेडी, बी गुड!' साठी लिहिलं, कापलं. १९२७ मध्ये 'स्ट्राइक अप द बँड'मध्ये घातलं, ते नाटकच ब्रॉडवेला पोचण्याआधी बंद पडलं. मग 'रोझली'साठी प्रयत्न झाला, तिथेही राहिलं नाही. एकाही नाटकात न टिकलेलं गाणं जगभर झालं. कारण उघड आहे, त्यात काही घडत नाही, एक बाई जागेवर उभी राहून न आलेल्या माणसाबद्दल बोलते, आणि तेवढा वेळ नाटक थांबतं. जूल स्टाइन आणि सॅमी कान यांचं 'गेस आय'ल हँग माय टिअर्स आउट टू ड्राय' हेही तसंच, १९४४चं नाटक न्यूयॉर्कला पोचलंच नाही, गाणं पोचलं.

नंतर हा प्रकार संपला का?

'ओक्लाहोमा!'नंतर गाण्याने कथा पुढे न्यायची असं ठरलं, आणि टॉर्च साँग तर कथा थांबवतं, म्हणून जागा कमी झाली. मग रॉक आलं. पण संपला नाही, कारण सॉण्डहाइम हा संगीतकार-गीतकार आला.

'लूझिंग माय माइंड' एवढं जुनं वाटतं, ते १९७१चं कसं?

मुद्दाम जुनं केलंय. 'फॉलीज'मध्ये पाडायला काढलेल्या थिएटरात म्हाताऱ्या झालेल्या नाचणाऱ्या बायका एका रात्रीसाठी जमतात. त्यातली सॅली ३० वर्षं बेनवर मरतेय, आणि बेनने तिच्या मैत्रिणीशी लग्न केलं होतं. शेवटी प्रत्येकाचा भ्रम एकेका जुन्या पद्धतीच्या गाण्यातून बाहेर येतो, आणि सॅलीच्या वाट्याला येतं टॉर्च साँग, झगमगीत गाउन आणि एकटा दिवा. सॉण्डहाइमने ते गर्श्विनच्या 'द मॅन आय लव्ह'च्या वळणावर बांधलं. सूर्य उगवला, तुझा विचार. कॉफीचा कप, तुझा विचार. डोरोथी कॉलिन्सने पहिल्यांदा गायलं. रेकॉर्डवर ते शहाण्या बाईचं दुःख वाटतं पण नाटकात शेवटचे शब्द अक्षरशः घ्यायचे, तिचं डोकं खरंच ठिकाणावर राहिलेलं नाही. आणि तिचा नवरा बडी, चांगला माणूस, तिथेच आहे. मशाल धरून बसल्याने जळतं कोण, तर शेजारचा.

आणि 'सेंड इन द क्लाउन्स'? त्यात विदूषक कशाला?

सर्कशीचे विदूषक नाहीत ते. प्रयोग पडायला लागला की विनोदी माणसं आत पाठवा, अशी नाटकवाल्यांची भाषा. ती वापरते देझिरे, कारण ती नटी आहे. 'अ लिट्ल नाइट म्युझिक', १९७३. तिने जुन्या प्रियकराला, फ्रेड्रिकला, आता तरी माझ्याकडे ये असं सुचवलंय, आणि तो आपल्या १८ वर्षांच्या बायकोपायी नम्रपणे नाही म्हणतो. देझिरे झालेल्या ग्लिनिस जॉन्सला सूर लांब धरता येत नसे, म्हणून सॉण्डहाइमने छोटे छोटे प्रश्न लिहिले, श्वास घ्यायला जागा ठेवून. तालमी चालू असताना झटपट लिहिलेलं गाणं. पुढे जूडी कॉलिन्सने ते घरोघरी पोचवलं. मोठ्या आवाजाच्या गायिका हे गाणं ओढून ओढून गातात तेव्हा मला अस्वस्थ होतं, ते गाणंच मुळी दम न पुरणाऱ्या बाईसाठी शिवलंय.

'ल मिझराब्ल'चं 'ऑन माय ओन' चालेल का यात?

चालेल. एपोनीन कल्पनेत मारिअसबरोबर फिरते, ज्याचं प्रेम दुसरीवर आहे, आणि तिला माहीत असतं की हे सगळं माझ्या डोक्यात आहे. कसोटीला उतरलं. 'आय ड्रीम्ड अ ड्रीम' मात्र मी धरत नाही, फॅन्टीनला त्या माणसापेक्षा आयुष्याने जास्त फसवलंय.

नवीन माणसाने कुठून सुरू करावं?

१९३६चा 'शो बोट' सिनेमा शोधा, जेम्स व्हेलने केलेला, काळापांढरा. त्यात हेलन मॉर्गन स्वतः आहे, म्हणजे पहिल्या प्रयोगातली ज्युली तुम्हाला प्रत्यक्ष बघायला मिळते. १९५१चा रंगीत 'शो बोट' नंतर बघा, त्यात ज्युली एव्हा गार्डनर आहे आणि गाताना आवाज दुसरीचाच, ॲनेट वॉरनचा. मग एथेल वॉटर्सचं 'सपर टाइम'. मग हार्टची पाच गाणी वर दिलीत ती, एका रात्रीत सगळी नका ऐकू. ॲडलेडचं ते सर्दीचं गाणं, 'ॲडलेड्स लमेंट', मध्ये कुठेतरी घाला, हवा बदलायला. 'फॉलीज' शेवटी, कारण आधीची गाणी कानात असली तरच त्यातली चोरी कळते.

आणि 'बिल' बघताना मॉर्गनच्या चेहऱ्यावरून नजर काढून एकदा मागे बघा, तालमीला थांबलेले लोक कामं सोडून ऐकायला लागलेत.